बॉनेटचा उजवा कोपरा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, गाडी मी ठोकलेली नाही. आमच्या सोसायटीत अजूनही दोन-चार जण असे आहेत, की मी जिन्यात दिसलो की समजूतदारपणे हसतात आणि "होतं असं कधीकधी" म्हणतात. खास त्यांच्यासाठी हे सगळं सांगतो आहे. एकदा नीट ऐकून घ्या आणि मग ते हसणं थांबवा.

गाडी माझ्या सासऱ्यांची. गर्द निळी, जुनी, पण तब्येतीने ठणठणीत. सासरे हिशेब तपासनीस म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच पगार घेतल्यामुळे स्वतः चूक करायला त्यांना सवडच मिळाली नव्हती. "इतकी वर्षं गाडी चालवली, एक ओरखडा नाही," हे वाक्य घरी आलेल्या माणसाला ते पाण्याच्या आधी देत. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. समोर बस आहे की बसस्टॉप, हे गाडीतून उतरून बघावं लागायला लागलं, तेव्हा त्यांनी गाडी आमच्याकडे आणून लावली. फक्त सांभाळायला.

आता आमच्या घरात गाडीची गरज कोणाला? तर हिला. ही एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, आणि ती प्रयोगशाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलायच्या, दुसरी बस वेळेवर आली तर त्या दिवशी घरी येऊन तसं सांगायचं. माझं ऑफिस दोन गल्ल्या सोडून, मी चालत जातो. लायसन्सच्या परीक्षेत ही पहिल्या फटक्यात पास झाली. मी तिसऱ्या. तरीही सासऱ्यांचा हुकूम असा, की गाडी जावईबापूंनी चालवायची, मुलीने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. का, तर "तिचं लक्ष नसतं." जी बाई दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजते, तिचं लक्ष नसतं! मग मी दर रविवारी बॅटरी उतरू नये म्हणून गाडी कोपऱ्यापर्यंत नेऊन आणायचो आणि ही शेजारी बसून, ओठ घट्ट मिटून, माझे गिअर ऐकायची.

बापलेकीचं यावरून दोन वर्षं चाललं होतं. शेवटी सासऱ्यांनी एक अट घातली. "माझं डोळ्यांचं ऑपरेशन होऊ दे. मी येऊन माझ्या डोळ्यांनी गाडी बघतो. जशी दिली तशी दिसली, तर किल्ली तुझ्या हातात. नाहीतर गाडी तुझ्या भावाकडे." या भावाने स्वतःची गाडी अशी काही चेपून ठेवली आहे की तिचा पुढचा भाग कोणता हे विचारावं लागतं. पण तो मुलगा.

ही आनंदाने कबूल झाली. नुसती कबूल झाली नाही, तर बाबांनी फोनवर "गाडी कशी आहे?" विचारलं की "बाबा, भांग पाडता येईल एवढी चकाकते" असं ठोकून द्यायला लागली. दिसत नव्हतंच त्यांना. मोतीबिंदू पिकायला अजून वेळ आहे असं डॉक्टर म्हणाले होते आणि आम्ही त्या भरवशावर निवांत होतो. पण एक दिवस फोन आला, की दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, अगदी झकास झाली, त्यांना समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या बाईच्या हातातलं वर्तमानपत्र वाचता येतं आहे, आणि येत्या रविवारी ते गाडी बघायला येत आहेत.

आम्ही दोघं तसेच पार्किंगमध्ये धावलो.

रोज दिसणाऱ्या वस्तूकडे माणूस बघत नाही, हे त्या दिवशी कळलं. गाडीचा रंग पार मेला होता. आमची जागा झाडाखाली. दोन वर्षं त्या झाडाने चिकट थेंब गाळले होते, पक्ष्यांनी आपला हिस्सा घातला होता आणि उरलेल्या वेळात ऊन होतंच. हात फिरवला तर संत्र्याच्या सालीवरून फिरवल्यासारखं लागत होतं. हिने बोटाने एक डाग खरवडून बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"काहीतरी करा," ही म्हणाली. नवऱ्याला सांगायच्या कामांमध्ये याइतकं घातक काम दुसरं नाही.

मी करायला घेतलं. गॅरेजवाल्यांनी पंधरवड्याच्या आत गाडी हातात घेणार नाही असं सांगितल्यावर मी संगणकासमोर बसलो आणि एका माणसाचे धडे बघितले. हा माणूस गाडीचा रंग मशीनने ओलसर घासून आरशासारखा करत होता. तत्त्व सोपं. रंगावर एक पारदर्शक थर असतो. सगळा खडबडीतपणा त्या थरात. एका फिरत्या मशीनला मऊ स्पंजाची गादी लावायची, तिच्यावर अगदी बारीक पॉलिशपेपरची चकती, आणि पाण्याचा हलका फवारा मारत वेग कमी ठेवून तो थर किंचित सपाट करायचा. पाणी ओतायचं नाही, नुसता दमटपणा हवा. मग गाडी दुधाळ, मंद, मेल्यासारखी दिसते. तिथे घाबरायचं नाही. त्यानंतर पॉलिश लावून पुन्हा मशीन फिरवलं की जीव परत येतो. तो माणूस दर दोन मिनिटांनी थांबून एकच गोष्ट सांगत होता: थर फार पातळ आहे, कडांवर तर नसल्यासारखाच, तेव्हा आधी जाडी मोजा, कडांना चिकटपट्टी लावा, थोडं घासा, पुसा, बघा. मला त्याचं हे म्हणणं फार आवडलं. मी स्वभावाने सावध माणूस आहे. ऑफिसात मी सही करण्याआधी पेन दुसऱ्या कागदावर चालवून बघतो.

मशीन आणलं, चकत्या आणल्या, फवाऱ्याची बाटली आणली. पार्किंगमध्ये गेलो, वायर सॉकेटला लावणार, तोच मागून आवाज आला.

"हे सॉकेट सोसायटीचं आहे."

आमचे सचिव. ते जिन्यातल्या दिव्यांची बटणंसुद्धा स्वतःच्या हाताने बंद करतात, दुसऱ्याच्या हातावर त्यांचा विश्वास नाही. मी त्यांना काम समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. दुरुस्तीकाम असेल तर पार्किंगमध्ये मनाई. गाडी धुणं असेल तर पाण्यामुळे मनाई. मी म्हटलं, ही दुरुस्ती नाही, धुणंही नाही, हे घासणं आहे. "मग आवाज," ते म्हणाले. शेवटी अध्यक्षबाईंच्या घरी एक तातडीची बैठक झाली. तिथे मी माझं मशीन मांडीवर घेऊन आरोपीसारखा बसलो होतो. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी मला तीनदा "सरळ बस" म्हटलं आणि दोन अटींवर परवानगी दिली. एक, पाणी आणि वीज एकत्र येतात, तेव्हा आधी इलेक्ट्रिशियनकडून सुरक्षेची सोय करून घ्यायची. दोन, काम चालू असताना सचिवांनी जातीने हजर राहायचं.

इलेक्ट्रिशियन आला. जराशी ओल लागली की वीज तोडणारं एक यंत्र असतं, ते बसवायचं होतं. त्याने ते माझ्या सॉकेटला न बसवता मोठ्या मनाने सोसायटीच्या सगळ्या सामाईक लाइनला बसवलं. "एका कामात सगळे सुरक्षित," म्हणाला आणि निघून गेला. त्या वेळी ते आम्हा सगळ्यांना पटलं.

शुक्रवारी मी रजा टाकली आणि कामाला लागलो. तोवर तळमजल्यावरचे दाताचे डॉक्टर येऊन मिळाले होते. त्यांचा दवाखाना पार्किंगला लागूनच आहे आणि पेशंट तसे बेताचेच. "अहो, हे तर आमचंच काम!" ते म्हणाले. "तुमचा पारदर्शक थर म्हणजे आमचं दाताचं इनॅमल. पाणी मारत राहायचं, नाहीतर उष्णता धरते. आणि पेशंटला घाबरवायचं नाही." त्यांनी मला मास्क दिला, गॉगल दिला, हातमोजे दिले आणि वर ऑपरेशनची टोपी घातली. मी त्या अवतारात गाडीच्या डिकीवर वाकलो, तेव्हा त्यांच्या दारात बसलेला एक पेशंट उठून घरी गेला.

आधी डिकीचा हातभर तुकडा. कडांना पट्टी लावली, फवारा मारला, मशीन सावकाश फिरवलं, पुसलं. रंग दुधाळ झाला. नेमकी तेव्हा ही गॅलरीतून डोकावली आणि एवढ्या जोरात "अहोऽऽ" ओरडली की डॉक्टरांच्या आतल्या खोलीत चूळ भरणारा माणूस दचकला. "मेला रंग! पांढरा पडला!" सचिव म्हणाले, "मी आधीच मनाई म्हणत होतो." पण धड्यात सांगितल्याप्रमाणे मी घाबरलो नाही, म्हणजे घाबरलो ते मास्कच्या आत. गादी बदलली, पॉलिश लावलं, मशीन फिरवलं, कापडाने पुसलं. आणि काय सांगू! त्या हातभर तुकड्यात झाड दिसलं. झाडाची पानं दिसली. सचिवांनी वाकून स्वतःला बघितलं आणि मिशी सारखी केली.

मी हातमोजे काढून वर बघितलं. ही गॅलरीत तोंडावर हात ठेवून उभी होती. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माझ्या कामाकडे ही अशी बघते आहे हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी आपला उगाच मशीनची वायर सरळ करत बसलो.

संध्याकाळपर्यंत डिकी झाली, चारही दारं झाली. मध्ये एक किरकोळ घटना घडली. फवारा मारायचं काम डॉक्टरांनी मागून घेतलं होतं, आणि दातांच्या सवयीने ते सढळ हाताने मारत होते. मी "दमट, डॉक्टर, दमट!" म्हणत राहिलो. एक फवारा थेट सॉकेटवर गेला. खट्! नव्या यंत्राने चोख काम केलं. पार्किंगचे दिवे गेले, पाण्याचा पंप गेला आणि लिफ्ट थांबली. लिफ्टमध्ये अध्यक्षबाई होत्या. दोन मजल्यांच्या मध्ये अडकून त्यांनी आम्हा तिघांना नावानिशी जे काही सुनावलं, ते सगळ्या इमारतीने आपापल्या दारात उभं राहून ऐकलं. सॉकेट वाळेपर्यंत आम्ही लिफ्टच्या दाराशी उभे होतो. आतून "सरळ उभे राहा" असा आवाज आला. आम्ही होतोच.

शनिवारी छत आणि बॉनेट उरलं होतं. छत सकाळीच झालं. बॉनेट म्हणजे गाडीचा चेहरा. सासरे आधी तिथेच बघणार. तेव्हा मी ठरवलं, इथे जाडी मोजल्याशिवाय हात लावायचा नाही. सचिवांचा मेहुणा जुन्या गाड्या घेतो-विकतो, त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र होतं. पत्र्याला टेकवलं की आकडा दाखवतं. सचिवांनी ते आणून दिलं. दिलं म्हणजे हातात दिलं नाही, मोजलं त्यांनीच. वाटेत लिफ्टचं दार मोजलं, पत्रपेट्या मोजल्या, डॉक्टरांची पाटी मोजली. मग बॉनेट. डावा कोपरा, मधला भाग, सगळीकडे साधारण एकच आकडा. उजव्या कोपऱ्यावर मात्र आकडा एकदम चौपट!

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"यंत्र बिघडलं," डॉक्टर म्हणाले. सचिवांनी लिफ्टचं दार पुन्हा मोजून खात्री केली. यंत्र ठीक होतं.

"म्हणजे कंपनीने इथे रंग जास्त दिला आहे," मी म्हणालो. "जुनी गाडी. पूर्वी लोक हात राखून कामं करत नसत."

सचिव काहीतरी बोलणार होते. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मला वाटलं, पटलं त्यांना. आता पुढचं तर्कशास्त्र सरळ होतं. जिथे रंग चौपट, तिथे भीती चौथाई. त्या कोपऱ्यावर झाडाच्या चिकाचा एक खोल डाग होता, बाकी कुठे नसेल असा. तो काढायचाच असं ठरवून मी मशीन लावलं. या कोपऱ्यात मी कडेची पट्टीही लावली नाही, एवढा रंग असताना पट्टीची काय गरज?

फवारा. मशीन. पुसलं. डाग तसाच. पुन्हा फवारा. इतका वेळ पुसल्यावर कापडावर पांढरट पाणी यायचं. आता निळं आलं.

"निळं आलं," सचिव म्हणाले.

"निळी गाडी आहे. निळंच येणार," डॉक्टर म्हणाले. बोलण्यात इतका दम होता की मी पुढे चाललो. पुढच्या पुसण्याला राखाडी आलं. त्याच्या पुढच्याला मी कापड उचललं, तर डाग गेला होता. डागाच्या जागचा निळा रंगही गेला होता. तिथे तळहाताएवढा पिवळसर पुट्टीचा चट्टा, त्याच्याभोवती राखाडी कडं, आणि त्याच्याभोवती माझ्या सासऱ्यांची चकचकीत गाडी.

"पुट्टी?" मी म्हणालो. "इथे पुट्टी कुठून आली?"

सचिवांनी घसा साफ केला. "मेहुणा म्हणत होता, आकडा जाड आला की समजायचं, गाडी ठोकलेली आहे. पुट्टी भरून वरून रंग मारलेला असतो."

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"असं कसं सांगणार? तुमच्या सासऱ्यांची गाडी. त्यांच्या गाडीबद्दल तुमच्या तोंडावर असं बोलायचं? बरं दिसतं का ते?"

त्यांच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो. आकडा माझ्याही समोर होता. पण "एक ओरखडा नाही" हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की सासऱ्यांच्या शब्दावर शंका घेण्यापेक्षा कंपनीच्या उदारपणावर विश्वास ठेवणं मला सोपं गेलं.

ही खाली आली. तिने चट्टा बघितला. पुट्टीवर बोट फिरवलं. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर ओरडेल. तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "कधी ठोकलीत?"

"मी?"

"बाबांनी कधी ओरखडासुद्धा पाडला नाही. दोन वर्षं गाडी कोणाच्या हातात आहे?"

"अगं, मी कोपऱ्यापर्यंत जातो आणि परत येतो! तू शेजारी असतेस!"

"सगळ्या रविवारी नव्हते मी. मागे मला ताप होता तेव्हा तुम्ही एकटे गेला होतात. बराच वेळ लागला होता."

"पंक्चर होतं गं ते!"

"पंक्चर," ती म्हणाली. त्या एका शब्दात माझ्या सगळ्या संसाराची तपासणी होऊन निकाल लागला होता. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते ऐतिहासिक वाक्य उच्चारलं, "होतं असं कधीकधी." ते सोसायटीत कसं पसरलं ते आता तुम्हाला कळलं असेल.

संध्याकाळभर मी पुरावे देत होतो. बेमालूम पुट्टी भरून हुबेहूब रंग मारून आणण्याइतका मी हुशार असतो, तर आज तो पुन्हा खरवडला असता का? हिचं म्हणणं, खरवडलात यावरूनच तुम्ही किती हुशार ते दिसतं. मी म्हटलं, कोपऱ्यावर कापड टाकून ठेवू, निळा कागद चिकटवू, आणि बाबा आले की मी त्या बाजूला टेकून उभा राहतो. ही म्हणाली, "नको. आणखी लपवाछपवी नको." मग स्वयंपाकघरात जाऊन तिने सोमवारच्या बसच्या वेळा मोबाइलवर बघितल्या. ते मात्र मला फार लागलं. रागावली असती तर चाललं असतं.

रविवारी सकाळी मी बाकीच्या बॉनेटवर शेवटचा हात फिरवत होतो, तोच सासरे आले. सोबत सासूबाई. सासऱ्यांनी काळा चष्मा लावला होता. पार्किंगमध्ये आल्याबरोबर तो काढून सासूबाईंच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "जावईबापू, तुमच्या कानावर केस आहेत हो." मग हात पुढे केला. मी किल्ली दिली.

त्यांनी डिकीपासून सुरुवात केली. दारं बघितली, वाकून, हात मागे बांधून, जणू कुठल्या कारखान्याचा जमाखर्च बघत आहेत. छत बघितलं. "वा," म्हणाले. "अरे वा! इतकी तर घेतली तेव्हाही नव्हती." सचिव आणि डॉक्टर खांबाच्या मागे उभे राहून ऐकत होते, त्यांचे चेहरे उजळले. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्या शब्दांवर एक वर्ष काढलं असतं. त्या क्षणी मला फक्त उरलेलं अंतर दिसत होतं. डावा कोपरा झाला. मधला भाग झाला. ते उजव्या कोपऱ्याशी आले आणि थांबले.

सासरे पुट्टीकडे बघत होते. त्यांनी पापण्यांची उघडझाप केली, पण डोळे आता उत्तम होते, तिकडून काही मदत मिळाली नाही.

"बाबा," ही पुढे झाली. "गाडी तुम्ही दादाकडे द्या. यांनी ठोकली आणि लपवली. मी तुम्हाला चकाकते म्हणून सांगत राहिले तेही खोटं होतं, यांनी काल-परवा घासली म्हणून आज दिसते आहे. तुमच्याकडे इतकी वर्षं एक ओरखडा नव्हता, आमच्याकडे दोन वर्षांत ही गत झाली. तुमचं बरोबर होतं. आमच्या घरात गाडी नको."

"मी ठोकलेली नाही," मी म्हणालो. पण कोणासाठी म्हणत होतो ते माझं मलाच कळेना. सासरे माझ्याकडे बघत होते. आता खरं सांगू? ते नुसते गप्प राहिले असते तरी भागलं असतं. ओरखडा नसलेली सगळी वर्षं शाबूत राहिली असती, गाडी मुलाकडे गेली असती, आणि मी जन्मभर गाडी ठोकणारा जावई म्हणून त्यांच्याशी अदबीने वागत राहिलो असतो. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक येऊन गेलं, मी समोर उभा राहून बघितलं. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती डोळे पुसत नव्हती. तिने पर्स खांद्याला लावली होती, आता वर जायचं म्हणून.

"ह्यांनी नाही ठोकली," सासरे म्हणाले.

"बाबा, जावयाची बाजू घेऊ नका."

"बाजू घेत नाही. मी ठोकली."

ही थांबली. सासूबाईंच्या हातातला काळा चष्मा खाली पडला.

"कधी?" सासूबाईंनी विचारलं.

"तू बहिणीकडे गेली होतीस तेव्हा."

"मी बहिणीकडे गेले तेव्हा गाडी सर्व्हिसिंगला होती. आठ दिवस." सासूबाईंचा आवाज बारीक झाला. "आणि मी आले, तर आपल्या गेटचा खांब पडला होता. ट्रकने पाडला म्हणालात."

सासऱ्यांनी किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "ट्रक नव्हता," ते म्हणाले.

"ट्रक नव्हता?" सासूबाई म्हणाल्या. "अहो, त्या ट्रकवाल्याला मी आजपर्यंत शिव्या घालते आहे! दर वेळी गेट करकरलं की घालते! कोण कुठला माणूस, त्याचं वाटोळं होवो म्हणून सांगते, आणि तुम्ही शेजारी बसून हो म्हणता!"

"डोळे चांगले होते तेव्हा माझे," सासरे म्हणाले. हे ते सासूबाईंना सांगत नव्हते, हिला सांगत होते. "दिवसाढवळ्या. रस्त्यावर कोणी नाही. गेट आपलंच, रोजचं. माझं लक्ष नव्हतं, बस. आणि मग मी सगळ्यांना सांगायला लागलो, एक ओरखडा नाही म्हणून. एकदा सांगितलं की थांबता येत नाही गं."

त्यांनी किल्ली तिच्यासमोर धरली. ही एवढी दोन वर्षं ज्या किल्लीसाठी भांडली, ती घ्यायला तिचा हात लगेच पुढे आला नाही. ती बापाकडे बघत होती. मग तिने किल्ली घेतली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पंक्चरच होतं ना ते?"

"पंक्चरच होतं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. एवढीच काय ती माझी भरपाई. पण हे म्हणताना तिने माझ्या डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली. डॉक्टरांची ती टोपी मी सकाळपासून घालून उभा होतो आणि कोणी सांगितलंही नव्हतं.

सासरे सवयीने चालकाच्या शेजारच्या दाराकडे गेले. सासूबाईंनी त्यांना दंडाला धरून बाजूला केलं. "पुढे मी बसणार. तुम्ही मागे." ते निमूटपणे मागे बसले. मीही मागे बसलो. हिने सीट पुढे घेतली, आरसा सारखा केला आणि गाडी सुरू केली. एकही गिअर वाजला नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. सचिव आणि डॉक्टर पुढे धावून आमच्या सोसायटीचं फाटक सताड उघडून दोन बाजूंना उभे राहिले होते. दोन्ही खांबांच्या मध्ये जागा बेताचीच होती. सासूबाई मान वळवून त्या खांबांकडे बघत होत्या. सासऱ्यांनी माझं मनगट धरलं आणि डोळे गच्च मिटून घेतले. हिने आरशात त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि गाडी सरळ बाहेर काढली.